केपटाऊन ते नैरोबी स्वतःच्या गाडीने : व्हिसा, कार्नेट आणि सीमेवरच्या खिडक्या

सह्यभटक

नमस्कार मंडळी,

लडाख, स्पिती, नेपाळ, भूतान करून झालं. आता डोक्यात आफ्रिका बसली आहे आणि उतरायला तयार नाही. मी, बायको आणि कोल्हापूरचा एक मित्र, असे तिघं. गाडी आमचीच, जुनी स्कॉर्पिओ, न्हावाशेवाहून कंटेनरमध्ये घालून न्यायचा विचार आहे.

मूळ बेत केपटाऊन ते कैरो होता. पण सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध पेटलंय, त्यामुळे ती वाट बंदच समजायची. म्हणून नैरोबीपर्यंत : दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, झांबिया, टांझानिया, केनिया. जमलं तर थोडं झिम्बाब्वे. या सगळ्या देशांत आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे, ती एक डोकेदुखी वाचली.

व्हिसाचं वाचतोय तेवढा गोंधळ वाढतोय. कोणता आधी काढायचा, कोणता वाटेत? कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याची कस्टमची वही) लागतंच का? सीमेवर एजंट करावा का? आणि बायको पूर्ण शाकाहारी आहे, तिचं कसं होईल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_पेठकर

इथे पुणे-सातारा रस्त्यावर टोल भरताना जीव जातो आणि हे निघाले पाच देशांच्या सीमा ओलांडायला. चालू द्या. वाचतोय.

दारेसलामकर

सह्यभटक, बेत चांगला आहे. मी बरीच वर्षं टांझानियात आहे आणि कामासाठी झांबियाच्या सीमेवरून गाडीनेच ये-जा असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही प्रश्न उलट्या क्रमाने विचारलेत. माणसाचा व्हिसा ही या प्रवासातली सोपी बाब आहे. बरंचसं ऑनलाइन होतं, पैसे भरले की कागद येतो. घोडं पेंड खातं ते गाडीपाशी. प्रत्येक सीमेवर गाडीलाही त्या देशात 'आत' घ्यावं लागतं आणि 'बाहेर' काढावं लागतं. तिचं कस्टम वेगळं, विमा वेगळा, रस्त्याचा कर वेगळा. तेव्हा आधी गाडीचं ठरवा.

कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट समजा. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे चौकशी करा. गाडीची किंमत आणि तुम्ही जाणार ते देश पाहून बँक गॅरंटी मागतात, कारण तुम्ही गाडी तिकडेच विकलीत तर तिथलं आयातशुल्क कोणीतरी भरायला हवं. मुदत एक वर्ष. इजिप्त यादीत असेल तर रक्कम चांगलीच फुगते. कैरो सोडलंत ते त्या अर्थानेही बरं झालं.

कार्नेटशिवाय झांबिया, झिम्बाब्वे, टांझानियात तात्पुरता आयात परवाना सीमेवर करून मिळतो. पण तुमची गाडी भारतीय नंबरची आणि जहाजाने दक्षिण आफ्रिकेत उतरणार. तिथे कार्नेट लागेलच. घ्याच.

गॅरेजवाला

स्कॉर्पिओ कुठल्या सालची? विचारतो कारण डिझेल. बीएस-६ गाडीला १० पीपीएम गंधकाचं डिझेल लागतं. पूर्व आफ्रिकेत २०१५ पासून ५० पीपीएमचा नियम आहे, आणि दक्षिण आफ्रिकेत पंपावर ५० आणि ५०० दोन्ही विकायला असतं, बघून भरावं लागतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली नवी गाडी दूरच्या पंपांवर त्रास देऊ शकते. जुनी बीएस-३, बीएस-४ बिनधास्त पळेल. शिवाय जुन्या गाडीची किंमत कमी, म्हणजे कार्नेटची गॅरंटीही कमी.

आणखी एक. महिंद्राचं डर्बनला जुळणी केंद्र आहे, २०१८ पासून, आणि तिकडे स्कॉर्पिओवर बेतलेला पिकअप भरपूर फिरतो. सुट्या भागांसाठी दक्षिणेत तरी हाल नाहीत. पुढे मात्र फिल्टर, बेल्ट, क्लच प्लेट बरोबर ठेवा.

कंटेनरचं : वीस फुटी साध्या डब्याचं दार साधारण २.२८ मीटर उंच असतं. टपावर तंबू किंवा कॅरियर असेल तर काढून आत ठेवावा लागेल. टाकीत डिझेल नावापुरतं, बॅटरीची तार काढलेली.

सह्यभटक

२०१२ ची आहे गॅरेजवालेसाहेब, बीएस-३ की ४ ते आरसीवर बघतो. म्हातारी आहे पण ठणठणीत.

@दारेसलामकर, मनापासून आभार. कार्नेट सीमेवर वापरतात कसं? तिथल्या माणसाला माहीत असतं का काय करायचं?

दारेसलामकर

चांगला प्रश्न. आणि उत्तर आहे : कधीकधी नसतं.

कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन पट्टे असतात. खालचा पट्टा गाडी देशात शिरताना कस्टमवाला शिक्का मारून फाडून ठेवतो. मधला पट्टा गाडी बाहेर पडताना फाडतात. वरचा पट्टा वहीतच राहतो, आणि त्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा, असे दोन्ही शिक्के लागतात. तुमचा पुरावा म्हणजे तो वरचा पट्टा. भारतात परत आल्यावर बँक गॅरंटी सुटते ती त्याच्या जोरावर.

सकाळच्या पाळीला अनुभवी माणूस असेल तर पाच मिनिटांत काम. नवखा असेल तर तो वही उलटसुलट करतो, बाजूच्याला विचारतो, मग भलताच पट्टा फाडायला घेतो. अशा वेळी वही त्याच्या हातात सोडून बाकावर जाऊन बसायचं नाही. खिडकीशी उभं राहायचं, आधीच्या देशाचं भरलेलं पान त्याला दाखवायचं आणि नम्रपणे बोट ठेवून सांगायचं, 'सर, इथे.' तारीख आणि शिक्का वाचता येतोय ना, ते तिथल्या तिथे बघायचं. पन्नास किलोमीटर पुढे गेल्यावर लक्षात आलं तर मागे या.

दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी हे पाच देश एकाच कस्टम संघात आहेत. त्यामुळे गाडी जहाजातून उतरेल त्या बंदरात, समजा डर्बनला, आत शिरल्याचा शिक्का आणि बोट्सवानातून झांबियात जाताना बाहेर पडल्याचा शिक्का, एवढं एकच पान लागतं. मधल्या सीमेवर उत्साहाने नवीन पान फाडू देऊ नका.

मीनल_लुसाका

दारेसलामकर, तुम्ही गाडीचं इतकं सांगितलंत की आता माणसांचं मी सांगते. :)

आम्ही झांबियात लुसाकाला राहतो, पाहुणे येत असतात, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्यांची कागदपत्रं हा माझा घरगुती उद्योगच झालाय.

दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा भारतातूनच काढून निघा, वेळ लागतो. बोट्सवानाचाही आधीच. झांबियाचा ई-व्हिसा वाटेत काढता येतो. टांझानियाचा ऑनलाइन, साधा ५० डॉलर. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ईटीए (ऑनलाइन प्रवासपरवाना) लावलंय, साधारण ३० डॉलर. झिम्बाब्वेचा सीमेवर मिळतो. म्हणून दक्षिणेकडून सुरुवात करणं शहाणपणाचं. किचकट दोन व्हिसे घरून निघताना खिशात, आणि सोपे मोबाइलवर, जसजसं पुढे जाल तसतसे. उलटं नैरोबीहून निघालात तर दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाची मुदत वाटेतच संपायची भीती.

सोपे व्हिसे फार आधी काढू नका. बहुतेकांना काढल्याच्या तारखेपासून मुदत असते आणि गाडीचं जहाज कधी वेळेवर पोचत नाही.

दोन अडचणी नक्की येतील. एक, अर्जात परतीचं विमान तिकीट मागतात. तुमच्याकडे ते दुसऱ्याच देशातून असणार. तिथे कार्नेटची प्रत, रस्त्याचा आराखडा आणि नैरोबीहून परतीचं तिकीट असं सगळं एका पीडीएफमध्ये जोडा, चालतं. दोन, पासपोर्टची पानं. ३६ पानी पासपोर्ट अर्धा भरलेला असेल तर नवीन काढताना ६० पानी मागा.

पिवळ्या तापाची लस विसरू नका. निघायच्या किमान दहा दिवस आधी. कार्ड आता आयुष्यभर चालतं. केनियाहून भारतात परतताना कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि तिथे कोणाचीही ओळख चालत नाही. तुमच्यापैकी कोणी साठीच्या पुढे असेल तर लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चाकोरीबाहेर

वाचनखूण साठवली आहे.

युगांडा-रवांडा जोडायचं असेल तर पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा बघा. केनिया, युगांडा, रवांडा तिन्ही देश, ९० दिवस, १०० डॉलर. टांझानिया त्यात नाही, इथेच लोक फसतात. आणि रवांडात वाहतूक उजवीकडून, बरं का.

पण मला विचाराल तर पश्चिम किनारा घ्या. मोरोक्को, मॉरिटानिया, सेनेगल करत खाली अंगोला. खरी आफ्रिका तिकडे आहे.

दारेसलामकर

'खरी आफ्रिका' वगैरे राहू द्या चाकोरीबाहेरसाहेब, नाक्यानाक्यावर फ्रेंच बोलायची तयारी आहे का ते बघा आधी. अंगोलाने २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली हे खरं, पण नायजेरिया, कॅमेरून आणि काँगोचे व्हिसे भारतीय पासपोर्टवर वाटेत मिळवणं म्हणजे वकिलातीच्या दारात आठवडे. पहिल्या फेरीत त्या भानगडीत पडू नका.

खडूस_पेठकर

एवढं पुराण कशाला? पासपोर्टमध्ये वीस डॉलरची नोट सरकवायची, शिक्का आपोआप बसतो. जगात सगळीकडे हेच.

दारेसलामकर

नाही हो. साफ नाही.

पासपोर्टमध्ये नोट ठेवून पुढे करणं हा उघड गुन्हा आहे, आणि समोरचा सरळ माणूस असेल तर तुमची गाडी तिथेच उभी राहील. माझा अनुभव असा की कागद पुरे असतील आणि घाई नसेल तर चिरीमिरीची वेळ क्वचित येते. घाई दिसली की भाव वाढतो. म्हणून सीमा सकाळी लवकर गाठायची आणि त्या दिवशी पुढे लांबचा पल्ला ठेवायचा नाही.

टांझानियात वाहतूक पोलिसांचं वेगळं. पांढरे कपडे, हातात स्पीडगन, झाडाच्या सावलीत. गावात ताशी ५० ची मर्यादा, आणि गाव संपल्याची पाटी येईपर्यंत ती लागू. तिथे गाव संपता संपत नाही. दंड ३० हजार शिलिंग. रोख मागितले तर कंट्रोल नंबर मागायचा. तो सरकारी नंबर असतो, मोबाइलवरून पैसे भरता येतात आणि पावती येते. कंट्रोल नंबर हा शब्द ऐकला की बऱ्याचदा 'जा, पुढच्या वेळी हळू चालवा' असं होतं.

अक्का_पुणे

दारेसलामकर, एजंट करावा का ते राहिलं. आमचे जावई दक्षिण आफ्रिका-झिम्बाब्वे सीमेवर बाईटब्रिजला अडकले होते डिसेंबरात, दीड दिवस.

दारेसलामकर

अक्का, डिसेंबरात बाईटब्रिजला जायचंच नाही. दक्षिण आफ्रिकेत काम करणारे झिम्बाब्वेचे लाखो लोक नाताळाला घरी जातात, टपावर गाद्या, फ्रिज, सगळा संसार बांधून. सह्यभटक यांनी ती सीमा टाळलेलीच बरी. त्याऐवजी बोट्सवानातून फ्रान्सिसटाऊन, नाटा करत झांबियाच्या सीमेवर कझुंगुलाला जावं. नाटा ते कसाने रस्त्यावर हत्ती असतात, अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. काळ्या डांबरावर काळोखात हत्ती दिसत नाही.

कझुंगुलाला पूर्वी तराफा होता. एका वेळी एकदोन ट्रक, बाकीचे आठवडाभर रांगेत. मे २०२१ ला ९२३ मीटरचा पूल सुरू झाला. नकाशात बघा, पूल वाकडा आहे, कारण झिम्बाब्वेची हद्द चुकवून नेलाय. तिथे दोन्ही देशांची कचेरी एकाच इमारतीत. याला वन-स्टॉप म्हणतात, झांबिया-झिम्बाब्वे सीमेवर चिरुंडूला २००९ पासून आहे, केनिया-टांझानिया सीमेवर नमांगालाही आहे. तुम्ही ज्या देशात शिरणार त्या बाजूच्या इमारतीत दोन्ही देशांची माणसं बसतात. सोय झाली, पण एक खोड आहे : सगळं एका दालनात असल्याने निघणाऱ्या देशाच्या कस्टमची खिडकी राहून जाते. पासपोर्टवर शिक्का पडला म्हणजे झालं असं वाटतं आणि गाडी कागदोपत्री मागच्याच देशात राहते.

झांबियात शिरताना खिडक्या मोजा : इमिग्रेशन, कस्टम, कार्बन कर, रस्त्याचा कर, स्थानिक कौन्सिलचा कर, विमा. प्रत्येकाची वेगळी पावती. काही डॉलरमध्ये, काही क्वाचामध्ये, म्हणजे झांबियाच्या चलनात. शेवटी फाटकावरचा माणूस सगळ्या पावत्या मागतो आणि एक कमी असेल तर परत पाठवतो. पावत्यांसाठी चेनची पिशवी ठेवा, चालकाच्या दारात.

एजंटचं : कझुंगुलाला गरज नाही. झांबियातून टांझानियात शिरताना नाकोंडे-तुंडुमाला मात्र घेतलात तरी चालेल. तिथे गाव कुठे संपतं आणि सीमा कुठे सुरू होते ते कळतच नाही. तांब्याच्या आणि डिझेलच्या ट्रकांची रांग गावाबाहेरपर्यंत असते. त्या रांगेत लागू नका, ती मालवाहतुकीची आहे, बाजूने पुढे जा. गाडी थांबली की काचेवर चारपाच पोरं येतील. एकाच्या गळ्यात ओळखपत्र, एकाच्या हातात शिलिंगची जाड गड्डी, एक म्हणेल मीच कस्टमचा. आपल्या आरटीओबाहेर जे दृश्य असतं तेच, फक्त भाषा वेगळी. ओळखपत्रवाल्याशी आधीच रक्कम ठरवा, काम झाल्यावर द्या, आणि पासपोर्ट-कार्नेट त्याच्या हातात देऊ नका. तो पुढे चालेल, तुम्ही कागद घेऊन मागे.

पैसे रस्त्यावर बदलू नका. गड्डी मोजण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

मीनल_लुसाका

डॉलरच्या नोटा नव्या, कोऱ्या, न दुमडलेल्या घ्या. जुन्या छपाईच्या किंवा टोक फाटलेल्या सरळ परत करतात. एक आणि पाचच्या नोटा भरपूर ठेवा, सुटे कोणाकडे नसतात.

आता शाकाहाराचं. वहिनींना सांगा, काळजी नको. लुसाका, दारेसलाम, अरुषा, नैरोबी सगळीकडे गुजराती दुकानं आहेत, पोहे, डाळी, हिंग सगळं मिळतं. महामार्गावरच्या खानावळीत उगाली किंवा न्शिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा), बरोबर घेवड्याची उसळ आणि पालेभाजी. टांझानिया-केनियात चपाती आणि चहा तर कुठेही.

पण घरून निघताना चिवडा-लाडू प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरू नका. रवांडात २००८ पासून, केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे. सीमेवर सामान उघडून पिशव्या काढून घेतात, केनियात दंडही जबर आहे. स्टीलचे डबे, कापडी पिशव्या.

बोट्सवानात जनावरांच्या रोगासाठी कुंपणं आहेत. तपासणीला सगळे उतरतात, औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे, चाकंही त्यातूनच. कच्चं मांस, दूध जप्त होतं. तुमच्याकडे नसेलच म्हणा. झांबियात त्सेत्से माशीची नाकी असतात, तिथला माणूस गाडीत फवारा मारतो. डबे झाकून ठेवा.

गॅरेजवाला

गाडीत हवंच असं : दोन लाल त्रिकोण, अग्निशामक, पुढे पांढरी आणि मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी, मागे 'आयएनडी' चा लंबगोल स्टिकर. झिम्बाब्वे-झांबियाचे पोलीस पहिलं हेच बघतात. आणि आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना, तिघांचाही. एक वर्ष चालतो.

सह्यभटक

मंडळी, काय लिहू! प्रिंट काढून भिंतीवर लावतोय. विम्याचं सांगाल का? आणि ऋतू? आम्ही एप्रिलअखेर निघायचं म्हणतोय.

दारेसलामकर

एप्रिलअखेर उत्तम. केनिया-टांझानियात मोठा पाऊस मार्च ते मे. तुम्ही तोवर दक्षिणेत, आणि वर येईपर्यंत जून-जुलै, कोरडं. केपटाऊनला तेव्हा थंडी-पाऊस असेल, तिथे रेंगाळू नका.

विमा : दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवानात माणसाच्या इजेची भरपाई इंधनावरच्या करातून चालणाऱ्या निधीतून होते, त्याची पॉलिसी वेगळी काढावी लागत नाही. झांबियापासून पुढे कोमेसाचं (पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांचा व्यापारसंघ) यलो कार्ड घ्या. थर्ड पार्टी विमा आहे, झांबियात काढताना पुढचे देश त्यावर लिहून घ्यायचे. टांझानिया कोमेसाचा सदस्य नाही पण या योजनेत आहे. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही हे ध्यानात ठेवा. टांझानियातल्या मिकुमी राष्ट्रीय उद्यानातून महामार्ग साधारण ५० किलोमीटर जातो, तिथे प्राण्याला धडक दिली तर प्रत्येक प्राण्याचा दंड ठरलेला आहे, पाटीवर लिहिलाय. जिराफ कशाला, रानडुक्करही महागात पडेल.

आणि निघायच्या आधल्या आठवड्यात बातम्या बघत जा. २०२४ च्या निवडणुकीनंतर मोझांबिकमध्ये गडबड झाली तेव्हा दक्षिण आफ्रिकेची त्या बाजूची सीमा पुन्हा पुन्हा बंद होत होती. तुमच्या वाटेवर नाही, पण असं कुठेही होऊ शकतं. एक पर्यायी सीमा नकाशावर कायम खुणावून ठेवा.

चाकोरीबाहेर

नैरोबीहून निदान इथिओपिया तरी करा की. सीमेवरच्या मोयालेपर्यंत डांबरी रस्ता झालाय.

दारेसलामकर

रस्ता आहे. पूर्वी तिथे लुटारूंच्या भीतीने ताफ्याने जायचे, आता तसं नाही. पण इथिओपियात अम्हारा भागात २०२३ पासून लढाई, वर सुदान बंद. म्हणजे जाऊन परत यायचं. त्याऐवजी मोंबासाहून गाडी जहाजावर चढवून न्हावाशेवाला पाठवा.

मोंबासाला केनियाच्या कस्टमचा बाहेर पडल्याचा शिक्का गाडी डब्यात जाण्याआधी घ्या. शिपिंगवाल्याचा माणूस 'नंतर करून पाठवतो' म्हणेल, ऐकू नका. कार्नेटवर चासी नंबर, इंजिन नंबर आणि बरोबरच्या वस्तूंची यादी असते. न्हावाशेवाला परत येताना कस्टम ती गाडीशी ताडून बघतं आणि शेवटचा शिक्का मारतं. वाटेत इंजिन बदलावं लागलं, किंवा यादीतली वस्तू विकली, तर त्याचे कागद हवेत. मग ती वही मुंबईत असोसिएशनकडे जमा करायची, ते पान न् पान तपासतात आणि बँकेला पत्र देतात. तोवर गॅरंटीसाठी बँकेत ठेवलेली एफडी अडकलेली असते, तिचा हिशोब घरखर्चात आधीच धरून ठेवा.

सह्यभटक

समजलं. उद्याच चर्चगेटला असोसिएशनच्या कचेरीत जाऊन कार्नेटची चौकशी करतो. गॅरेजवालेसाहेब, आरसी बघितली, बीएस-४ आहे.

गॅरेजवाला

छान. मग टायमिंग बेल्ट किंवा चेन आणि वॉटर पंप निघायच्या आधी उघडून बघा, आणि डिझेल फिल्टर निदान चार बरोबर घ्या.